पोटमाळ्यावरचा जनरेटर सुरू होत नाही? आधी चार गोष्टी तपासा

व्यापाऱ्याचा पैसा उधारीत अडकतो, न खपलेल्या मालात अडकतो, तसाच तो पोटमाळ्यावर ठेवलेल्या यंत्रातही अडकतो. उधारी आणि माल यांचा हिशेब खतावणीत दिसतो. यंत्राचा दिसत नाही. ते आपले आहे, जागेवर आहे, वेळ आली की कामाला येईल, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात वेळ आली की ते दगा देते आणि आपण यंत्राला दोष देतो. दोष बहुतेक वेळा ठेवणाऱ्याचा असतो. माझ्या बाबतीत तो माझाच होता, म्हणून हा लेख लिहिण्याचे धाडस करतो.

दिवा, मुंब्रा, कळवा, डोंबिवली या पट्ट्यातील जुन्या दुकानदारांना १९९० नंतरचा काळ आठवत असेल. वीज केव्हा जाईल याचा नेम नव्हता. पुढे २००५ पासून काही वर्षे तर राज्यभर भारनियमनाचे वेळापत्रकच असे. संध्याकाळी गिऱ्हाईक दुकानात यायचे आणि त्याच वेळी दिवे जायचे. त्या काळात दुकानाबाहेर फळीवर किंवा गटाराच्या कडेला एक लहानसा जनरेटर धडधडत असे. श्रीराम होंडा आणि बिर्ला यामाहा ही दोन नावे तेव्हा बाजारात सर्वांच्या तोंडी होती. या यंत्रांपैकी पुष्कळशी पेट्रोलवर सुरू होत आणि गरम झाल्यावर रॉकेलवर चालत. एका बाजूला पेट्रोलची लहान टाकी, दुसरीकडे रॉकेलची मोठी टाकी आणि मध्ये फिरवायचा कॉक, अशी त्यांची रचना होती.

नंतर वीजपुरवठा सुधारला, इन्व्हर्टर आले आणि हे जनरेटर पोटमाळ्यावर गेले. माझाही २०१३ च्या सुमारास गेला. त्यावर जुन्या चादरीचा गठ्ठा पडला आणि मी त्याला विसरून गेलो.

ऐन हंगामातली दोन रात्री

रमजानचा शेवटचा अशरा म्हणजे कापड व्यापाऱ्याचा हंगाम. तरावीहनंतर बायकामुले खरेदीला निघतात आणि रात्री बारा-एकपर्यंत दुकान उघडे असते. गेल्या रमजानात याच दिवसांत आमच्या गल्लीची केबल जळाली आणि दोन रात्री वीज नव्हती. इन्व्हर्टरने पहिल्या रात्री तीन तास साथ दिली. पुढे बॅटरी भरायलाच वीज नाही, तर तो तरी काय करणार?

मोठ्या विश्वासाने जनरेटर खाली उतरवला. टाकीत ताजे पेट्रोल घातले आणि दोरी ओढली. दहा वेळा ओढली, वीस वेळा ओढली. दुकानातल्या मुलाचे हात सोलवटले, पण इंजिनाने एक उसासासुद्धा टाकला नाही.

शेवटी चार्जिंगच्या दिव्यांवर दुकान चालवले. कापड आणि कमी उजेड यांचे वैर आहे, हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. एका बहिणीने कुर्त्याच्या कापडावर मोरपंखी ओढणी जुळवून नेली. दुसऱ्या दिवशी उन्हात पाहिली तर ती निळी निघाली. ती परत आली, मी बदलून दिली. तिची चूक नव्हती. माझ्या दुकानात उजेड नव्हता. पण किती गिऱ्हाइके अंधार पाहून परत फिरली, त्याचा हिशेब कोण देणार?

ईदनंतर एका दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने दोरी दोनदा ओढली, कान लावला आणि म्हणाला, "इंजिन बसले. बोअर करावे लागेल. साडेपाच हजार." प्लगसुद्धा न काढता त्याने हे निदान केले. डॉक्टरने नाडी न पाहता ऑपरेशन सांगावे, तसेच हे झाले. मी मुंब्र्याच्या एका वयस्क मिस्त्रीकडे गेलो. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. उस्तादांनी विचारले, "शेठ, शेवटचा बंद कसा केला होता? पेट्रोलवर की रॉकेलवर?"

मला उत्तर देता आले नाही. आजाराचे मूळ त्याच प्रश्नात होते, हे पुढे कळले.

इंजिनाला काय हवे असते?

उस्तादांची पद्धत साधी आहे. पेट्रोल इंजिनाचे चार प्रश्न आहेत आणि ते क्रमाने विचारायचे. इंजिन मोकळे फिरते का? ठिणगी पडते का? दाब तयार होतो का? ताजे इंधन आत पोहोचते का? चारही उत्तरे "होय" असतील तर इंजिन सुरू झालेच पाहिजे. नाही झाले तर चारपैकी एक उत्तर चुकीचे आहे. क्रम सोडून एकदम इंजिन उघडणारा मिस्त्री आपले नुकसान करतो.

हा क्रम केवळ जनरेटरचा नाही. भातशेतीवरचा जुना पेट्रोल-रॉकेल पंप असो वा फवारणीचे यंत्र, हेच चार प्रश्न लागू पडतात. परदेशात १९४६ ते १९५६ या काळात कोव्हेंट्री येथे तयार झालेले फर्ग्युसन टीई-२० जातीचे ट्रॅक्टर आजही शौकीन लोक चालवतात. त्यांपैकी पेट्रोलवर चालणारा ट्रॅक्टर वर्षानुवर्षे शेडमध्ये पडून राहिला तर त्याचीही तपासणी याच मार्गाने होते. तिथे बॅटरी, कॉइल, डिस्ट्रिब्यूटर आणि रेडिएटरचे पाणी एवढ्या गोष्टी जास्त पाहाव्या लागतात. आपल्याकडचे ट्रॅक्टर बहुतेक डिझेलचे असतात. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते, म्हणून त्यांची तपासणी वेगळी आहे. दोहोंची गल्लत करू नये.

पहिला प्रश्न: मोकळे फिरते का?

दोरीला हात लावण्यापूर्वी यंत्र उजेडात आणून नुसते पाहावे. उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का? पंख्याच्या जाळीत घरटे आहे का? सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीने माती भरली आहे का? आमच्या यंत्रात हवेच्या फिल्टरचा स्पंज हात लावताच भुग्यासारखा गळून पडला. दिवा हे खाडीजवळचे गाव. इथली हवा दमट आणि खारी. कोरड्या मुलखात दहा वर्षांत जेवढा गंज चढेल, तेवढा इथे तीन-चार पावसाळ्यांत चढतो.

जुने पेट्रोल आधी काढून यंत्रापासून दूर ठेवावे. मग प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. पडून राहिलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल सुकलेले असते. तसेच जोराने ओढले तर पिस्टनच्या रिंगा कोरड्या घासतात आणि भिंतीवर ओरखडे पडतात. दुसऱ्या दिवशी प्लग बाहेरच ठेवून, प्लगच्या भोकावर फडके धरून दोरी हळूहळू ओढावी. जास्तीचे तेल बाहेर पडते. दोरी अजिबात हलत नसेल तर जबरदस्ती करू नये. पुन्हा तेल सोडावे आणि दोन दिवस थांबावे. सबुरीने जे सुटते ते हातोड्याने तुटते.

याच वेळी खालचे इंजिन ऑइल बदलावे. ते दुधासारखे पांढरट दिसले तर त्यात पाणी आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरात दिवा ते कल्याण पट्ट्यात पुष्कळ ठिकाणी पाणी शिरले होते. अशा पुरात भिजलेले यंत्र असेल तर तेल एकदा बदलून भागत नाही. ताजे तेल भरून थोडे चालवावे आणि पुन्हा बदलावे. काही इंजिनांत तेल कमी असेल तर ठिणगी बंद करणारा स्विच असतो. तेलाची पातळी अपुरी असेल तर सर्व काही ठीक असूनही असे इंजिन सुरू होत नाही. पुष्कळ लोक इथेच फसतात.

दुसरा प्रश्न: ठिणगी पडते का?

काढलेला प्लग त्याच्या टोपीत बसवावा. त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवावा, पण प्लगच्या भोकापासून दूर. भोकातून इंधनाची वाफ बाहेर येते आणि ठिणगीने भडका उडू शकतो. स्विच चालू करून दुसऱ्या माणसाने दोरी ओढावी. सावलीत पाहिले तर निळी, कडक ठिणगी दिसली पाहिजे. पिवळी आणि मरगळलेली ठिणगी उपयोगाची नाही.

ठिणगी नसेल तर आधी नवा प्लग लावून पाहावा. तो सर्वांत स्वस्त भाग आहे. प्लगच्या टोकांमधील अंतर अशा इंजिनांत साधारण ०.७ मि.मी. असते, पण आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले माप खरे मानावे. तरीही ठिणगी नसेल तर बंद करण्याच्या स्विचची वायर पाहावी. ही वायर उंदराने सोलली असेल आणि इंजिनाच्या अंगाला लागत असेल तर यंत्राला वाटते की स्विच बंद आहे. जुन्या घडणीच्या इंजिनांत फ्लायव्हीलखाली पॉइंट असतात. दमट हवेत त्यांच्यावर न दिसणारा थर चढतो. बारीक पॉलिश पेपरने तो थर काढला आणि स्वच्छ कागद मधून फिरवला की मेलेली ठिणगी पुष्कळदा जिवंत होते. नव्या घडणीत पॉइंट नसतात, इलेक्ट्रॉनिक भाग असतो. तो दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो.

आमच्या यंत्राची ठिणगी निळी निघाली. उस्ताद म्हणाले, "एक प्रश्न सुटला."

तिसरा प्रश्न: दाब आहे का?

स्विच बंद करून प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरावा आणि दोरी ओढावी. दाब चांगला असेल तर अंगठा जोराने बाहेर ढकलला जातो. नुसती फुंकर लागली तर दाब नाही. पण दाब नाही म्हणजे लगेच बोअर करायचे, असे नाही. यंत्र ठेवताना एक व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो. वर्षानुवर्षे त्या उघड्या स्थितीत त्याच्या दांड्यावर गंज आणि चिकटा बसतो, मग तो बंदच होत नाही. असा व्हॉल्व्ह तेल सोडून, हलकेच ठोकून मोकळा होतो. सिलिंडरमध्ये थोडे तेल घातल्यावर दाब वाढला तर रिंगांची शंका घ्यावी. तेल घालूनही दाब तसाच राहिला तर व्हॉल्व्ह पाहावा. एवढी परीक्षा झाल्याशिवाय कोणी बोअरची भाषा केली तर त्याला नम्रपणे चहा पाजून निरोप द्यावा.

माझा अंगठा चांगलाच ढकलला गेला. साडेपाच हजारांचे बोअर तिथेच रद्द झाले.

चौथा प्रश्न: इंधन आत पोहोचते का?

राहिला चौथा प्रश्न. उस्तादांनी प्लगच्या भोकात अर्धा चमचा ताजे पेट्रोल सोडले, प्लग बसवला आणि दोरी ओढली. इंजिन दोन-तीन सेकंद गर्जले आणि बंद पडले. मी आनंदाने उठून उभा राहिलो. उस्ताद बसूनच होते. म्हणाले, "सुरू झाले नाही, शेठ. त्याने फक्त पत्ता सांगितला."

अर्थ असा की बाहेरून दिलेले इंधन जळते, तर ठिणगी आणि दाब ठीक आहेत. टाकीतले इंधन मात्र सिलिंडरपर्यंत येत नाही. मग टाकीपासून एकेक टप्पा तपासायचा. झाकणाच्या भोकातून हवा आत जाते का? ते भोक बुजले असेल तर पेट्रोल खाली उतरत नाही. कॉकची जाळी साफ आहे का? रबरी नळी कडक होऊन चिरली आहे का? शेवटी कार्बोरेटरची वाटी उघडायची.

आमची वाटी उघडली तेव्हा आत तळाशी मधासारखा घट्ट, तांबूस चिकटा बसलेला होता. पितळी जेटचे सुईएवढे भोक पूर्ण बुजले होते. उस्तादांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या वाटीत होते. रॉकेलवर चालणारे यंत्र बंद करण्यापूर्वी कॉक पेट्रोलवर फिरवून काही मिनिटे चालवायचे असते. म्हणजे वाटीतले रॉकेल संपून तिथे पेट्रोल येते. नाहीतर पुढच्या वेळी थंड इंजिनाला वाटीतून रॉकेल मिळते आणि थंड इंजिन रॉकेलवर पेट घेत नाही. दुकान बंद करण्याच्या घाईत आमची मुले रॉकेलवरच स्विच बंद करत. मी पाहत असे आणि काही बोलत नसे. शेवटच्या रात्रीही तसेच झाले आणि तेच रॉकेल जुन्या पेट्रोलच्या अवशेषासह अकरा-बारा वर्षे आत सुकत राहिले.

जेट साफ करताना पोलादी तार घालू नये. पितळ मऊ असते, भोक मोठे होते आणि मग इंजिन कायम जास्त इंधन पिते. कार्बोरेटर साफ करण्याचा फवारा मिळतो, त्यात भाग भिजवावे आणि पंक्चरच्या दुकानात हवेने फुंकावे. अगदीच अडले तर वायरमधली तांब्याची एखादी बारीक तार वापरावी. पॅकिंग, नळी आणि फिल्टर नवे घालावेत. प्लग, ऑइल, नळी, पॅकिंग, फवारा आणि उस्तादांची मजुरी मिळून मला साडेबाराशे रुपये खर्च आला. चोक लावून तिसऱ्या ओढीला इंजिन सुरू झाले आणि सुरूच राहिले.

पेट्रोलही आता ते राहिले नाही

एक गोष्ट जुन्या यंत्रांच्या मालकांनी समजून घ्यावी. ही यंत्रे घेतली तेव्हाचे पेट्रोल आणि आजचे पेट्रोल एक नव्हे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. पुढे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळणे सुरू झाले. २०२२ साली १० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले गेले आणि २०२५ पर्यंत २० टक्के मिश्रण देशभरच्या पंपांवर पोहोचले. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. बंद ठेवलेल्या टाकीत पाण्याचे प्रमाण वाढले की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात, आणि इंजिनाला नेमके तळाचेच मिळते. जुन्या रबरी नळ्या आणि पॅकिंगलाही ते मानवत नाही. म्हणून टाकीत पेट्रोल ठेवून यंत्र झाकणे ही पूर्वी चूक होती, आज ती मोठी चूक आहे.

रॉकेलविषयीही दोन शब्द. रेशनचे निळे रॉकेल गरिबाच्या स्टोव्हसाठी आणि दिव्यासाठी होते. १९९३ च्या सरकारी आदेशाने त्याचा अन्य वापर मना केलेला होता. तरीही ते अनेक दुकानांच्या जनरेटरमध्ये जळत असे, हे आपण सर्व जाणतो. स्वस्त उजेडासाठी दुसऱ्याच्या चुलीचे इंधन घेणे हा नफा नव्हता. आज अनुदानाचे ते दिवस संपले आहेत, पण व्यवहारातला हलाल-हरामचा प्रश्न संपलेला नाही. त्याची एक परीक्षा मला या दुरुस्तीच्या काळातच द्यावी लागली.

अर्ध्या चमच्याची फसवणूक

इंजिनाने दोन सेकंद गर्जना केली, त्याच दिवशी जुन्या सामानाचा एक दलाल दुकानात बसला होता. तो म्हणाला, "चाचा, साफ कशाला करता? अर्धा चमचा पेट्रोल प्लगमध्ये टाका, गिऱ्हाइकासमोर ओढा, आवाज आला की पैसे घ्या. घरी नेल्यावर बंद पडला तर त्याचे नशीब." म्हणजे ज्या युक्तीने आजार ओळखला, त्याच युक्तीने आजार लपवायचा!

बाजारातील धान्याच्या ढिगात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हात घातला, आत धान्य ओले लागले आणि ते ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वरून कोरडे आणि आतून ओले धान्य, वरून गर्जणारे आणि आतून बुजलेले इंजिन, यांत फरक काय? कापडाचा डाग घडीच्या आत ठेवणारा व्यापारीही त्याच रांगेतला. मी दलालाला नकार दिला. मोठा पराक्रम केला असे नाही. पण त्या दोन सेकंदांत हजार-दोन हजार रुपये माझ्या हाताशी आले होते, आणि मन क्षणभर डळमळले होते, हे लपवणार नाही.

खरेदी करणाऱ्यांनीही यातून धडा घ्यावा. जुने इंजिन घेताना ते आधीच गरम करून ठेवलेले नाही ना, हे हात लावून पाहावे. सुरू झाल्यावर निदान १५ मिनिटे दिवे-पंख्यांचा भार देऊन चालवायला सांगावे. प्रामाणिक विक्रेता नाही म्हणणार नाही.

उजेडापेक्षा जीव मोठा

इंजिन सुरू झाल्याच्या आनंदात सर्वांत महत्त्वाची गोष्ट विसरू नये. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो माणसाला झोपेत मारतो. भारनियमनाच्या दिवसांत एका पावसाळी रात्री आम्ही जनरेटर दुकानाच्या आत घेतला आणि शटर अर्धे ओढले. थोड्याच वेळात माल लावणाऱ्या मुलाचे डोके दुखू लागले, त्याला भोवळ आली आणि तो ताग्यांवरच बसला. त्याला बाहेर हवेत आणले, तो सावरला. तो कोणाचा तरी मुलगा माझ्याकडे अमानत होता. अल्लाहने वाचवले, पण माझ्या शहाणपणाने नव्हे. म्हणून जनरेटर उघड्यावर, दार-खिडक्यांपासून दूर ठेवावा. पाऊस असेल तर वर आडोसा करावा, पण यंत्र आत आणू नये.

गरम इंजिनात पेट्रोल ओतू नये. कापडाच्या दुकानात पेट्रोलचा साठा ठेवू नये. जनरेटरची वायर दुकानाच्या प्लगमध्ये खुपसून सर्व दिवे लावण्याची पद्धत तर ताबडतोब बंद करावी. तो प्रवाह उलटा बाहेरच्या तारेत जातो आणि खांबावर काम करणाऱ्या माणसाचा जीव घेऊ शकतो. परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. इंजिन चालते पण वीज येत नाही असे झाले, तर वायंडिंगला ओल लागली असेल किंवा आतील चुंबकत्व गेले असेल. तिथे स्वतः हात घालू नये. ते काम वायंडिंगवाल्याचे आहे.

दुरुस्त करावा की विकावा?

भावना बाजूला ठेवून हिशेब करावा. माझ्या दुकानात पूर्वी ४० वॅटच्या ८ नळ्या होत्या. आता २० वॅटच्या ८ एलईडी नळ्या आणि ७० वॅटचे ३ पंखे आहेत, म्हणजे सर्व मिळून ३७० वॅट. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी चांगल्या स्थितीत असेल तर नुकसान-घट धरून सुमारे तीन तास एवढा भार ओढते. रोजच्या तासा-दोन तासांच्या खंडासाठी इन्व्हर्टर पुरेसा आहे. त्याला आवाज नाही, धूर नाही. जनरेटरची गरज फक्त लांबलेल्या अंधारात पडते, आणि असा अंधार वर्षातून एखाद-दोनदाच येतो. पण तो कधी ऐन हंगामात येतो, हे मी अनुभवले आहे.

म्हणून नियम असा करावा. यंत्राचे सुटे भाग मिळत असतील, वरच्या चार प्रश्नांपैकी पहिले आणि तिसरे उत्तर चांगले असेल आणि आपण त्याची देखभाल करणार असू, तरच ते ठेवावे. नाहीतर दोष सांगून विकावे. अर्धवट ठेवणे सर्वांत महाग पडते.

मी ठेवले आहे. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, जुम्यासाठी दुकान बंद करण्याच्या तासभर आधी ते बाहेर आणतो आणि १५ मिनिटे भार देऊन चालवतो. मग कॉक बंद करून वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत चालू देतो, आणि टाकीतले उरलेले काढून घेतो. शेवटी दोरी हळू ओढून जिथे दाब लागतो तिथे सोडतो, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात. वर प्लास्टिक न घालता सुती कापड घालतो. प्लास्टिकखाली घाम धरतो, सुती कापड श्वास घेते. एवढे तरी कापडवाल्याला कळायला हवे होते! त्या दिवसाची तारीख रोजमेळाच्या मागच्या पानावर लिहितो आणि सही त्याच मुलाची घेतो, ज्याचे हात त्या रात्री सोलवटले होते. आता बंद करताना तोच मला आठवण देतो, "चाचा, वाटी रिकामी झाली का?"

आपल्या पोटमाळ्यावरही असे एखादे यंत्र झाकलेले असेल. येत्या सुटीच्या दिवशी ते खाली उतरवा, चार प्रश्न विचारा आणि काय तो निर्णय घ्या. गरज पडण्याच्या आधी विचारलेला प्रश्न स्वस्त असतो. अल्लाह सर्वांच्या कष्टात आणि व्यवहारात बरकत देवो.